काचेपाशी कोणीच येईना: भूमिगत प्राण्यांच्या एका दालनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका प्राणिसंग्रहालयात निशाचर प्राण्यांची जुनी इमारत बरीच वर्षे कुलूपबंद पडली होती. ती पाडायची की वापरायची या वादातून ‘जमिनीखालचे जग’ या नव्या दालनाची कल्पना निघाली. बिळे करून राहणारे आणि गुहांत राहणारे प्राणी एकाच छताखाली दाखवायचे, असे ठरले. संस्था आणि माणसे यांची नावे इथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम मोघम ठेवले आहेत. घटनांचा क्रम मात्र कीपरांच्या नोंदवह्या, देखभाल विभागाचे कागद आणि संबंधितांशी झालेली बोलणी यांवरून लावला आहे.

अंधारी दालने ही काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल प्राणिसंग्रहालयाने १९५३ मध्ये असे दालन उघडले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले ‘वर्ल्ड ऑफ डार्कनेस’ १९६९ मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये खर्चकपातीत बंद पडले. या सगळ्यांची युक्ती एकच: घड्याळ उलटे करायचे. रात्री प्राण्यांच्या बाजूला लख्ख दिवे लावून त्यांचा दिवस करायचा आणि प्रेक्षक येतात तेव्हा दिवे मंद करून त्यांची रात्र. लोरिस, घुबड, वटवाघूळ यांना हे चालते, कारण त्यांच्या आयुष्यात दिवस आणि रात्र दोन्ही असतात. बोगद्यात किंवा गुहेच्या पोटात जन्म काढणाऱ्या प्राण्याला त्याने फारसा फरक पडत नाही. त्याचे जग हवेचे तापमान, ओल, वास आणि जमिनीतून येणारी थरथर यांवर चालते. इमारत निशाचरांची होती म्हणून नव्या दालनाचा आराखडाही निशाचरांच्याच हिशेबाने झाला. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

दालनाचे मुख्य आकर्षण म्हणून नेकेड मोल-रॅटची वसाहत ठरली. हा पूर्व आफ्रिकेतला, अंगावर जवळजवळ केस नसलेला, बोटाएवढा कुरतडणारा प्राणी. प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर जार्विस यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की याचा संसार मधमाश्यांसारखा चालतो: वसाहतीत एकच मादी पिल्ले घालते आणि बाकीचे बहुतेक जण खणणे, अन्न शोधणे, पिल्ले सांभाळणे ही कामे करतात. तो तीस वर्षांहून जास्त जगतो. २०१७ मधल्या एका प्रयोगात तर ऑक्सिजन अजिबात नसलेल्या हवेत त्याने अठरा मिनिटे तग धरली. इतक्या चिवट प्राण्याची एक बाजू मात्र फार नाजूक आहे. सस्तन असूनही त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. मूळ बिळात तापमान तीस अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर असते आणि त्याचे शरीर त्या स्थिरतेवरच विसंबून असते.

त्याच्या जोडीला इजिप्शियन फळवटवाघळे आणली गेली. ही गुहेत थव्याने राहतात आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांत अपवाद म्हणावा असा प्रकार करतात: जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतात. मेक्सिकोतले आंधळे गुहामासे आले. चाबकासारखे लांब पाय पुढे चाचपत चालणारे, कोळ्यांच्या गोतातले अँब्लिपिजिडही आले. पाचवा प्राणी कोणता, यावरून उद्घाटनाआधीच पहिला मोठा वाद झाला.

पहिला निर्णय: ऑल्म आणायचा का?

व्यवस्थापनाला ऑल्म हवा होता. स्लोव्हेनियापासून बोस्नियापर्यंतच्या चुनखडीच्या प्रदेशात भुयारी पाण्यात राहणारा हा फिकट गुलाबी, आंधळा उभयचर. १६८९ मध्ये स्लोव्हेनियातले विद्वान वाल्वासोर यांनी लिहून ठेवले आहे की पुराच्या पाण्याबरोबर बाहेर आलेल्या या प्राण्याला तिथले लोक ड्रॅगनचे पिल्लू समजत. असा प्राणी पोस्टरवर किती शोभेल हे सांगायला नको.

क्युरेटर बाईंनी विरोध केला आणि त्यांची टिपणी अजून फाइलीत आहे. ऑल्मला साधारण दहा अंशांचे, अत्यंत स्वच्छ पाणी लागते. ते वर्षानुवर्षे बिनचूक थंड ठेवायची सोय इमारतीत नव्हती. उजेडात ठेवला तर त्याची कातडी हळूहळू काळपट होते, म्हणजे ज्या रूपासाठी लोक येणार तेच जाणार. त्याचे सरासरी आयुष्य सत्तरीच्या आसपास धरले जाते. आज घेतलेला प्राणी सांभाळायला आजच्या कर्मचाऱ्यांपैकी शेवटी कोणीच नसेल. आणि तो हलत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बोस्निया-हर्जेगोव्हिनातल्या गुहेतला एक ऑल्म २,५६९ दिवसांनीही जागच्या जागी सापडला होता.

उलट बाजूचा मुद्दाही पोकळ नव्हता. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत २०१६ मध्ये प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या टाकीत एका मादीने ६४ अंडी घातली. बाकीचे ऑल्म हलवले गेले, टाकी झाकली गेली, लोकांनी अवरक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंडी पाहिली आणि वीसहून जास्त पिल्ले बाहेर आली. म्हणजे ऑल्म दाखवता येतो. पण ती टाकी मुळात ऑल्मच्याच गुहेत होती, तिथला थंडावा कोणी यंत्राने तयार केलेला नव्हता. हा फरक क्युरेटर बाईंनी ठळक करून मांडला. शेवटी ऑल्मऐवजी मॉडेल ठेवायचे आणि वाचलेली जागा गुहामाशांना द्यायची, असे ठरले. संपूर्ण प्रकल्पातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता असे माझे मत आहे. उद्घाटनाच्या बातम्यांत त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

समस्या

दालन उघडले आणि गर्दी झाली. थोड्याच आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. त्यांचा सूर एकच: आत काही दिसत नाही.

मोल-रॅटच्या भिंतीएवढ्या काचेमागे पारदर्शक नळ्या आणि कप्पे यांचे जाळे होते. काचेला लागून असलेल्या कप्प्यांत, म्हणजे खास लोकांना दिसावेत म्हणून केलेल्या कप्प्यांत, प्राणी थांबतच नव्हते. ते पळत यायचे, गाजराचा तुकडा उचलायचे आणि मागे जायचे. मागच्या बाजूच्या एका कप्प्यात सगळी वसाहत एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडलेली असायची. पुढच्या नळ्यांत त्यांनी लाकडाचा भुसा ठासून भरायला सुरुवात केली. कीपर दररोज सकाळी भुसा काढत आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा भरलेला असे.

वटवाघळे छताच्या दर्शनी भागावर लटकायची सोडून यंत्रखोलीच्या दारावरच्या अरुंद कोपऱ्यात दाटीवाटीने बसत होती. गुहामासे मात्र मजेत होते, पण त्यांच्यासमोर कोणी थांबत नव्हते. पाण्यात फिरणाऱ्या फिकट माशांत काय विशेष, हे सांगणारा फलक त्या अंधारात वाचताच येत नव्हता.

यापेक्षा गंभीर गोष्ट लोकांना दिसत नव्हती. मोल-रॅट राणी व्याली आणि पिल्ले टिकली नाहीत. पुढच्या वेतालाही तेच झाले. कीपरच्या वहीत एक ओळ आहे: “राणी आणि दोन मोठे प्राणी पिल्लं तोंडात धरून सतत जागा बदलतात, दूध पाजायला बसत नाहीत.” अस्वस्थ झालेल्या वसाहतीत पिल्लांची अशी फरफट होते, हे हा प्राणी पाळणाऱ्यांना ठाऊक असते. राणीचा गर्भकाळ सुमारे सत्तर दिवसांचा असतो आणि ती वर्षातून अनेकदा विऊ शकते. त्यामुळे एक वेत गेल्याने वसाहत बुडत नाही. मात्र दोन वेते ओळीने गेली, तर तिच्या राहण्याच्या जागेतच काही बिघडलेले आहे असे धरून चालावे लागते.

पहिला उपाय उलटला

तातडीच्या बैठकीत सगळ्यांचे एकमत झाले की प्राणी उजेडाला बुजतात. दिवे आणखी मंद करायचे ठरले. या निर्णयाला कोणी हरकत घेतली नाही, कारण तो स्वस्त होता आणि त्याच संध्याकाळी करता येत होता.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे झाले. मोल-रॅटला उजेड-अंधाराची पुसट जाण असते, पण त्याला जवळजवळ दिसत नाही. मंद दिव्याने तो घर सोडून पळत नाही. दिवे कमी केल्यावर काचेपाशी तो आला नाहीच. माणसांचे मात्र फार वाईट झाले. भर उन्हातून आत आलेल्या माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना अंधाराशी जुळवून घ्यायला दहाएक मिनिटे लागतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एवढ्या वेळात सरासरी कुटुंब दालन पाहून बाहेर पडून पुढच्या प्राण्यापाशी पोचलेले असते. म्हणजे दालनात फिरणारे बहुतेक लोक त्या वेळेपुरते खरोखरच आंधळे होते.

मग खिशातून फोन निघाले. फोनच्या टॉर्चचा पांढरा झोत वटवाघळांच्या छतावर फिरू लागला आणि काही मुले काचेवर टकटक करू लागली. सुरक्षारक्षक ओरडत राहिले. आवाज वाढला, वटवाघळे यंत्रखोलीच्या कोपऱ्यातून उठेनाशी झाली. दिवे मंद केल्यामुळे दालनातला त्रासदायक उजेड एकूण वाढला, ही विसंगती लक्षात यायला बराच वेळ गेला.

कारण सापडले ते कसे

पुढची कलाटणी देखभाल विभागातल्या एका तंत्रज्ञामुळे मिळाली. मोल-रॅटच्या कप्प्यातला तापमापक मागच्या बाजूला बसवलेला होता आणि तो दिवसरात्र योग्य आकडा दाखवत होता. पशुवैद्यांनी त्याच आकड्यावर विश्वास ठेवला होता. तंत्रज्ञ वेगळ्याच कामासाठी आला होता. काचेवर बाहेरून हात टेकून तो सहज म्हणाला, “डॉक्टर, ही काच गार लागतेय.”

लोकांना घामाघूम व्हायला नको म्हणून प्रेक्षकांच्या बाजूला वातानुकूलन होते आणि त्याचा झोत सरळ या काचेवर पडत होता. पुढच्या कप्प्यांत छोटे तापमापक ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. काचेलगतचे कप्पे मागच्या कप्प्यांपेक्षा बरेच गार होते आणि वातानुकूलन यंत्र चालू-बंद होईल तसे त्यांचे तापमान वरखाली होत होते. स्थिर उबेवर जगणाऱ्या प्राण्याने तिथे थांबावे अशी अपेक्षा करणेच चूक होते. भुसा ठासून भरणे हेही आता नीट कळले. ज्या नळीतून गारवा आत येत होता ती ते बुजवत होते. कीपर रोज सकाळी त्यांचे काम मोडून ठेवत होते.

पिल्लांच्या फरफटीचे कारण दुसरे निघाले, निदान तसे दिसते. प्रेक्षक ज्या लाकडी फळ्यांच्या मार्गावरून चालत, त्याचा सांगाडा मोल-रॅटच्या कप्प्यांच्या चौकटीला बोल्टने जोडलेला होता. दिसायला ते सुबक होते. पण मुलांचा घोळका धावत गेला की प्रत्येक पाऊल थेट बिळाच्या भिंतीत उतरत होते. या प्राण्याचे कान बेताचे असतात, पण जमिनीतली थरथर त्याला चटकन कळते, कारण बिळात शिरणाऱ्या सापाची आणि कोसळणाऱ्या मातीची पहिली बातमी तीच असते. पाण्याने भरलेली उथळ बशी चौकटीवर ठेवून माणसांना चालायला लावले, तेव्हा पाण्यावर उठलेल्या लहरी बैठकीतल्या सर्वांनी पाहिल्या. या बशीइतका पटणारा पुरावा एकाही अहवालात नव्हता.

वटवाघळांची गोष्ट पुन्हा निराळी. नवे मंद होणारे दिवे बसवले तेव्हा त्यांची नियंत्रक पेटी छताजवळ लावली होती. माणसाला ती शांत वाटते. वटवाघळांचे आवाज टिपणारे यंत्र तिच्यापाशी धरल्यावर माणसाच्या कानापलीकडच्या पट्टीत अखंड गुणगुण ऐकू आली. प्रतिध्वनीवर वाट शोधणाऱ्या प्राण्याच्या आवडत्या छताशेजारीच ही गुणगुण चालू होती. त्यांचा कोपरा पेटीपासून सगळ्यात लांबचा होता.

एकाच छताखालच्या दोन प्राण्यांना तीन वेगळे त्रास होते आणि त्यांतला एकही माणसाच्या डोळ्याला दिसणारा नव्हता. सगळ्या बैठका मात्र उजेडाभोवतीच फिरल्या.

समोर असलेले पर्याय

दालन पूर्ण बंद करून नव्याने बांधावे, ही पशुवैद्यांची पहिली मागणी होती. प्राण्यांच्या बाजूने ती सर्वात सुरक्षित होती. पण बंद झालेले दालन पुन्हा उघडेलच याची खात्री कोणी देईना. मधल्या काळात वटवाघळे ठेवायला दुसरी योग्य जागाही नव्हती.

दुसरा पर्याय होता प्राणी मागे ठेवून पुढे फक्त कॅमेऱ्याचे पडदे लावण्याचा. शिक्षण विभागाला तो आवडला, कारण पडद्यावर राणीही दाखवता येते आणि पिल्लेही. कीपरांना तो अजिबात आवडला नाही. “मग लोकांनी घरीच बसून बघावं की,” असे एका ज्येष्ठ कीपरने तोंडावर सांगितले. मला दोन्ही बाजू अर्धवट पटल्या. ऑल्मसारख्या प्राण्यासाठी पडदा हाच प्रामाणिक मार्ग आहे. मोल-रॅट हा मुळात गजबजलेला, उद्योगी प्राणी आहे, त्याला पडद्यामागे घालणे म्हणजे आपल्या बांधकामाच्या चुकीची शिक्षा त्याला देणे.

जिवंत प्राण्यांऐवजी हलती मॉडेल्स ठेवण्याची सूचनाही आली आणि लगेच मागे पडली.

चौथा पर्याय क्युरेटर बाईंचा होता आणि तो वरवर पाहता प्राण्यांबद्दल नव्हताच. दालनांचा क्रम बदला, असे त्या म्हणाल्या. मूळ मार्गात वटवाघळे पहिली होती, कारण ती भव्य दिसतात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त अंधार लागतो तो प्राणी लोक सगळ्यात जास्त आंधळे असताना दाखवला जात होता. क्रम उलटा करायचा: सुरुवातीला मोल-रॅट, ज्याला मध्यम उजेड चालतो. मग गुहामासे, ज्यांना डोळेच नाहीत. मग अँब्लिपिजिड. वटवाघळे शेवटी. प्रत्येक टप्प्याला उजेड थोडा कमी होईल आणि लोकांच्या नकळत त्यांचे डोळे तयार होत जातील.

काय केले

क्रम बदलायचे ठरले. पण त्यासाठी मोल-रॅटची सगळी वसाहत उचलून प्रवेशाजवळ आणावी लागणार होती आणि यावर खरा ताण आला. या प्राण्यांची आपपर ओळख वासावर चालते. वसाहतीत शौचासाठी ठरलेला कप्पा असतो, तिथे लोळून सगळे एकच वास अंगाला लावून घेतात. वास बदललेला सोबती परत आला तर त्याच्यावर हल्ला होऊ शकतो. शिवाय राणी बहुतेक वेळ गाभणच असते, तेव्हा तिच्यासाठी सोयीचा मुहूर्त असा नसतोच.

पशुवैद्यांचे म्हणणे होते की पुढचे वेत होऊन पिल्ले मोठी होईपर्यंत थांबावे. क्युरेटर बाईंचे म्हणणे होते की आहे त्या जागी ते वेतही जाईल, मग थांबायचे कशासाठी? या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून त्यांचे ऐकले गेले. नव्या जागेतली चौकट जमिनीपासून रबराच्या बैठकीने अलग केली, चालण्याचा मार्ग तिला कुठेही चिकटणार नाही असा ठेवला. दुहेरी काच बसवली, पुढच्या कप्प्यांखाली ऊब देणाऱ्या पट्ट्या घातल्या आणि वातानुकूलनाचा झोत दुसरीकडे वळवला. जुन्या शौचकप्प्यातला भुसा न धुता तसाच नव्या जाळ्यात नेला. स्वच्छतेच्या नियमावलीशी हे विसंगत होते, म्हणून त्यासाठी वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागली. आधी राणी आणि तिच्याजवळचे प्राणी, पाठोपाठ बाकीचे, अशा क्रमाने एका रात्रीत वसाहत हलवली आणि पुढचे काही आठवडे काचेवर पडदा ठेवला.

गुहामाशांच्या टाकीवर खर्च कमी झाला, पण विचार सगळ्यात चांगला झाला. १९३६ पासून विज्ञानाला माहीत असलेल्या या माशाची मेक्सिकोतल्या सुमारे तीस गुहांत वस्ती आहे आणि त्याच जातीचे डोळस भाऊबंद बाहेरच्या नद्यांत राहतात. दोघांची पैदास एकत्र होऊ शकते. गुहेतल्या पिल्लाच्या भ्रूणातही डोळा घडायला लागतो आणि मग विरतो. नव्या मांडणीत डोळस मासे एका टाकीत आणि आंधळे शेजारच्या टाकीत ठेवले. फलक दोन ओळींचा केला. शिवाय कीपर ठरावीक वेळी टाकीतले दगड लोकांसमोर हलवू लागले. जागा बदललेली लक्षात येताच आंधळे मासे वेग वाढवून नव्या दगडाजवळून पुन्हा पुन्हा जातात आणि अंगावरच्या संवेदनरेषेने पाण्याचा दाब चाचपून त्याचा आकार जाणून घेतात. आधी ज्या टाकीपुढे कोणी थांबत नव्हते तिथे आता कोंडी होऊ लागली.

वटवाघळांच्या छताजवळची नियंत्रक पेटी भिंतीपलीकडे नेली. दालनाच्या तोंडाशी फोन बंद करण्याची पाटी काढून टाकली आणि तिथे एक स्वयंसेवक उभा केला. आत जाण्याआधी तो वटवाघळांच्या जिभेची टकटक यंत्रातून ऐकवतो. कान कामाला लागले की माणसे टॉर्च विसरतात, असा त्याचा अनुभव आहे. ते यंत्र सारखे बिघडते आणि बिघडले की टॉर्च परत दिसू लागतात.

परिणाम

हलवल्यानंतरच्या दुसऱ्या वेतातली पिल्ले मोठी झाली. पहिल्या वेतातली बहुतेक गेली, आणि स्थलांतराचा धक्का की जुनेच दुखणे, हे सांगता येत नाही. काचेलगतच्या कप्प्यांत वसाहत झोपू लागली. त्यातही एक गंमत झाली. पट्टीच्या उबेवर सगळे इतके निवांत पडतात की आता तक्रार येते, हे नुसते झोपलेले असतात. ती तक्रार कोणी मनावर घेतलेली नाही.

भुसा ठासणे जवळजवळ थांबले. वटवाघळांतली बरीच छताच्या दर्शनी भागावर परतली, काही मात्र जुना कोपरा सोडायला तयार नाहीत. लोक दालनात जास्त रेंगाळतात हे कोणालाही दिसते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वटवाघळांपाशी गर्दी तुंबते. पूर्वी लोक भराभर निघून जात, म्हणून हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता. सध्या शाळांच्या सहली गट पाडून सोडतात, त्याने काम भागते आणि शिक्षक नाराज होतात. शेवटच्या अंधारातून थेट उन्हात बाहेर पडताना काही वयस्कर माणसे अडखळली, म्हणून बाहेरच्या बाजूलाही उजेड हळूहळू वाढत जाणारा छोटा मार्ग नंतर जोडावा लागला.

वेगळे काय करता आले असते

प्राणी येण्याआधी रिकाम्या कप्प्यांत तापमापक ठेवून, वातानुकूलन आणि माणसांची ये-जा चालू करून, सगळे मोजता आले असते. कीपरांची वही पशुवैद्यांकडे जात होती आणि वातानुकूलनाच्या नोंदी देखभाल विभागात पडून होत्या. भुसा ठासायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात थंड हवेचा वेग वाढवल्याची नोंद आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचले असते, तर निदान एक वेत वाचले असते.

उद्घाटनाआधी दहा-बारा माणसांना उन्हातून थेट आत आणून काय दिसते एवढेच विचारायचे होते. आराखडा तपासणारे सगळे तासभर आत बसून, डोळे सरावल्यावर मान डोलावत होते.

ऊब आणि थरथर यांवरचे उपाय एकाच वेळी केले, हीदेखील माझ्या दृष्टीने उणीव आहे. हंगाम तोंडावर होता आणि व्यवस्थापनाला घाई होती. प्राण्यांचे भले झाले. पण पिल्ले वाचली ती नेमकी कशामुळे, हे आता कळायला मार्ग नाही आणि दुसऱ्या एखाद्या संस्थेने विचारले तर दोन्ही करा एवढेच सांगता येते. थरथरीचा बंदोबस्त आधी आणि ऊब पुढच्या वेताला, असे करायला पशुवैद्यही तयार नसते, हेही खरे. आजारी वसाहतीवर प्रयोग करायचा किती, यावर त्या खोलीत एकमत होणे कठीण होते.

सध्या चर्चा चालू आहे ती राणीची. ती म्हातारी होत आली आहे. राणी मेली की वसाहतीतल्या माद्यांत गादीसाठी मारामारी होते, ती रक्तबंबाळ होऊ शकते आणि लांबू शकते. २०२१ मधल्या एका अभ्यासात तर असे दिसले की वसाहतीची स्वतःची बोली असते आणि राणी गेल्यावर ती बोलीही विस्कळीत होते. हे सगळे काचेपुढे, मुलांसमोर होऊ द्यायचे का? पशुवैद्य काच झाकायची म्हणतात. ज्येष्ठ कीपरांना झाकणे मान्य नाही, त्यांना तिथे समजावून सांगणारा माणूस हवा आहे. तोवर एवढेच लिहून ठेवले आहे की हा निर्णय त्या दिवशी हजर असलेल्या कीपरने घ्यायचा, पडदा काचेच्या वर गुंडाळून तयार ठेवायचा आणि जखमी मादी वेगळी काढली तर तिच्याबरोबर शौचकप्प्यातला भुसाही न्यायचा.